टीव्ही विकणाऱ्यांनी कारखाना चालवायला घ्यावा का?
ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांची औद्योगिक स्वयंचलनाकडे धाव. वऱ्हाडातील जिनिंग आणि डाळ मिलच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ

अकोल्याच्या बाजारात तूरडाळीचा भाव विचारला, की व्यापारी बहुधा उलट प्रश्न करतो, 'साधी की सॉर्टेक्स?' सॉर्टेक्स हा आता डाळीचा एक प्रकारच मानला जातो. प्रत्यक्षात ते १९४७ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या एका कंपनीचे नाव. धान्यातील रंग बिघडलेला दाणा ओळखून बाजूला काढणारी यंत्रे ही कंपनी बनवीत असे. १९९३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ब्यूलर समूहाने ती विकत घेतली, परंतु नाव मात्र वऱ्हाडच्या पोत्यापोत्यांवर राहिले.

या यंत्राचे काम डोळ्याला दिसत नाही इतक्या वेगाने चालते. डाळ उतरत्या पन्हळीवरून पातळ थराने खाली घसरते, तिच्यासमोर बसविलेला कॅमेरा प्रत्येक दाणा टिपतो आणि काळा किंवा डागी दाणा आढळताच हवेचा एक बारीक झोत त्याला बाजूला उडवतो. त्या कॅमेऱ्याच्या मुळाशी सीसीडी हे प्रकाश टिपणारे उपकरण होते. त्याचा शोध १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लागला. घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यांमुळे त्याचे प्रचंड प्रमाणावर उत्पादन होऊ लागले आणि ते स्वस्त झाले. लग्नाच्या चित्रीकरणासाठी विकसित होत गेलेले तंत्र अशा रीतीने डाळ निवडण्याच्या कामी आले.

तंत्र घरातून कारखान्यात जाऊ शकते, हे यावरून स्पष्ट होते. आता प्रश्न आहे तो कंपन्यांचा. टीव्ही, फ्रिज, वातानुकूलन यंत्रे विकणाऱ्या कंपन्या गेल्या काही वर्षांत औद्योगिक स्वयंचलनाकडे वळू लागल्या आहेत. चीनच्या मिडिया या घरगुती उपकरणांच्या कंपनीने २०१७ च्या प्रारंभी जर्मनीतील कूका ही यंत्रमानव बनविणारी कंपनी जवळपास संपूर्ण ताब्यात घेतली. दक्षिण कोरियाच्या एलजीने २०२४ मध्ये 'स्मार्ट फॅक्टरी' हा स्वतंत्र व्यवसाय जाहीर करून २०३० पर्यंत त्यातून एक लाख कोटी वॉनच्या उलाढालीचे लक्ष्य ठेवले. सॅमसंगने त्याच वर्षाच्या अखेरीस रेनबो रोबोटिक्स या कंपनीत सर्वांत मोठा भागधारक होण्याचा निर्णय घेतला. टीव्ही आणि फ्रिजच्या बाजारात स्पर्धा तीव्र आणि नफा पातळ झाल्याने या कंपन्या नव्या क्षेत्राच्या शोधात आहेत.

हा विषय सोल किंवा शांघायपुरता मर्यादित नाही. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ औद्योगिक वसाहतीत वस्त्रोद्योग वाढत आहे. पंतप्रधान मित्र योजनेतील देशभरच्या सात वस्त्रोद्योग उद्यानांपैकी एक अमरावतीच्या वाट्याला आले असून सुमारे एक हजार एकरांवरील या उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. शिवाय दोन्ही जिल्ह्यांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि डाळ मिल आहेत. या सर्वांना येत्या काळात नियंत्रण यंत्रणा विकत घ्यायची आहे. ती कोणाकडून घ्यावी, या प्रश्नात लहान कारखानदाराचा हंगाम आणि त्याचे भांडवल दोन्ही पणाला लागलेले असते.

एसी आणि जिनिंगचे नाते

औद्योगिक स्वयंचलन म्हणजे केवळ यंत्रमानव नव्हे. त्याची तीन अंगे आहेत. तापमान, ओलावा, दाब किंवा रंग ओळखणारा सेन्सर हे पहिले. सेन्सरने दिलेल्या माहितीवरून निर्णय घेणारा नियंत्रक, म्हणजे पीएलसी, हे दुसरे. निर्णयाप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह हे तिसरे. अमेरिकेतील मोटार उद्योगाच्या गरजेतून १९६० च्या दशकाच्या अखेरीस पहिले पीएलसी तयार झाले. त्याआधी हीच कामे भिंतभर रिले आणि तारांचे जाळे करीत असे.

यातील ड्राइव्ह घराघरात पोहोचला आहे, फक्त तो त्या नावाने ओळखला जात नाही. 'इन्व्हर्टर एसी' मध्ये नेमके हेच तंत्र असते. घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. इन्व्हर्टर प्रथम तिचे एकदिश विजेत रूपांतर करतो आणि मग हव्या त्या आवर्तनांची वीज पुन्हा तयार करून कॉम्प्रेसरच्या मोटरला देतो. आवर्तने कमी केली की मोटर मंद होते. खोली थंड झाल्यावर एसी बंद न पडता हळू चालतो, तो यामुळे.

जिनिंग कारखान्यात कापसापासून रुई आणि सरकी वेगळी होते. डबल रोलर जिनमध्ये चामड्याचे रोलर रुईचे तंतू ओढून नेतात आणि सुऱ्या सरकीला अडवतात. कापूस जास्त पडला तर यंत्रावर ताण येतो, कमी पडला तर यंत्र रिकामे फिरते. मोटर किती विद्युतप्रवाह ओढते हे पाहून कापूस टाकणाऱ्या फीडरचा वेग आपोआप बदलणे, हे आधुनिक जिनिंगमधील स्वयंचलनाचे साधे उदाहरण होय. तत्त्व इन्व्हर्टर एसीचेच आहे. लाखो एसी बनविणारी कंपनी असा ड्राइव्ह स्वस्तात बनवू शकेल, हा युक्तिवाद म्हणूनच दुर्लक्षिण्यासारखा नाही.

पत्र्याच्या शेडमधली कसोटी

अडचण सुरू होते ती तत्त्व संपून परिस्थिती सुरू होते तेथे. सर्वसाधारण मोबाइल फोन ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या वातावरणात वापरावा, असे त्याचे उत्पादकच सांगतात. अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि पत्र्याच्या शेडमधील बंद पॅनेलच्या पेटीत तो आणखी चढतो. घरगुती वापराच्या इलेक्ट्रॉनिक घटकांची मर्यादा सामान्यतः शून्य ते ७० अंश, तर औद्योगिक दर्जाच्या घटकांची उणे ४० ते ८५ अंश अशी धरली जाते. हे आकडे पेटीतील घटकाभोवतीच्या तापमानाचे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे वरचे पंधरा अंश वऱ्हाडात किती मोलाचे आहेत ते कळते.

उष्णतेच्या जोडीला रुईची धूळ असते. जिनिंगमध्ये उडणारे बारीक तंतू पंख्याच्या जाळीवर साचतात, हवा अडते आणि आतला ड्राइव्ह तापतो. ग्रामीण वाहिनीवरील विजेचा दाब खाली-वर होतो. याशिवाय आगीची भीती कायम असते. कापसातून आलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात आदळून ठिणगी पडली, तर क्षणार्धात रुई पेटते. म्हणून धूळरोधक पेटी, ठिणगी ओळखणारी यंत्रणा आणि आणीबाणीत यंत्र हमखास थांबविणारे बटण या बाबी औद्योगिक यंत्रणेत अनिवार्य ठरतात. घरातील टीव्ही बिघडला तर मालिकेचा भाग चुकतो. प्रेसचे सुरक्षा नियंत्रण बिघडले तर कामगाराचा हात जाऊ शकतो. औद्योगिक सुरक्षेसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानके आहेत ती याच कारणाने, आणि त्यांची पूर्तता करण्यात वर्षे जातात.

हंगाम थांबत नाही

दोन बाजारांमधील सर्वांत मोठा फरक मात्र यंत्राच्या आयुष्याचा आहे. मोबाइल तीन-चार वर्षांत बदलला जातो. टीव्हीचे नवे मॉडेल दरवर्षी येते आणि जुन्याचे सुटे भाग काही वर्षांत मिळेनासे होतात. कारखान्यातील पीएलसीकडून पंधरा-वीस वर्षांच्या सेवेची अपेक्षा असते. सीमेन्सची 'सिमॅटिक एस-५' ही नियंत्रक मालिका १९७९ मध्ये बाजारात आली. तिची जागा पुढच्या मालिकेने घेतल्यानंतरही कंपनी दीर्घकाळ तिचे सुटे भाग पुरवीत राहिली. या व्यवसायात विश्वास मिळतो तो अशा वागणुकीतून.

याउलट उदाहरणही बोलके आहे. अमेरिकेत 'रिव्हॉल्व्ह' नावाचे एक उपकरण घरातील दिवे, कुलपे आणि अन्य साधने मोबाइलवरून चालविण्यासाठी विकले जात असे. गूगलच्या समूहातील नेस्टने ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये त्यामागची सेवाच बंद केली. ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेली उपकरणे त्यामुळे निरुपयोगी झाली. घरात हा मनस्ताप ठरतो. हेच एखाद्या डाळ मिलच्या किंवा सूतगिरणीच्या बाबतीत घडले, तर उत्पादन ठप्प होईल.

वऱ्हाडात या प्रश्नाला हंगामाची धार आहे. जिनिंगचा मुख्य हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. वर्षाची कमाई या मोजक्या महिन्यांत होते. आवारात कापसाच्या गाड्या उभ्या असताना पॅनेल बंद पडले आणि त्याचा भाग पुण्या-मुंबईहून यायला चार दिवस लागले, तर यंत्राची खरेदी करताना वाचविलेले पैसे त्या चार दिवसांत निघून जातात. तक्रार क्रमांक देऊन 'तंत्रज्ञ ४८ तासांत संपर्क साधेल' असे सांगणारी घरगुती उपकरणांची सेवापद्धती येथे कामाची नाही.

चितेगावचा धडा

मूळ व्यवसाय सोडून दुसऱ्या क्षेत्रात उडी घेण्याचे काय परिणाम होतात, यासाठी महाराष्ट्राला परदेशात पाहण्याची गरज नाही. तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला आणि रंगीत टीव्हीच्या देशी बाजारात ती आघाडीची कंपनी ठरली. व्हिडिओकॉन औद्योगिक स्वयंचलनात गेली नव्हती. ती तेल व वायू, दूरसंचार आणि डीटीएचमध्ये गेली. २००५ मध्ये तिने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय घेतला, तो नेमका सपाट पडद्याचे टीव्ही जुन्या ट्यूबला हद्दपार करीत असताना. २००८ मध्ये मिळालेले दूरसंचार परवाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्य अनेक परवान्यांसह रद्द केले. जून २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. समूहातील १३ कंपन्यांवरील मान्य झालेले दावे ६४ हजार कोटी रुपयांच्या घरात होते.

विस्तार म्हणजे नाश, असा याचा अर्थ लावणे चूक ठरेल. कर्ज, धोरणे आणि न्यायालयीन निर्णय अशी अनेक कारणे त्यामागे होती. तथापि, घराघरात पोहोचलेले नाव दुसऱ्या धंद्यात आपोआप उपयोगी पडत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते. टीव्हीच्या दुकानातील पत तेलविहिरीवर चालत नाही. ती जिनिंगच्या पॅनेलवरही चालेलच असे नाही.

क्रॉम्प्टन ग्रीव्हज या मुंबईस्थित कंपनीचा प्रवास या विषयाच्या अधिक जवळचा आहे. पंखे, दिवे आणि पंप यांमुळे ती घरोघरी ठाऊक होती. दुसऱ्या बाजूला वीज क्षेत्रासाठी रोहित्रे आणि कारखान्यांसाठी मोटर ती बनवीत असे. २०११ मध्ये तिने स्वीडनची इमोट्रॉन ही ड्राइव्ह बनविणारी कंपनी घेतली आणि २०१२ मध्ये स्पेनची झिव ही वीज स्वयंचलनातील कंपनी. पुढे दोन्ही व्यवसाय एका छताखाली ठेवणे अवघड झाले. घरगुती उत्पादनांचा विभाग वेगळा काढण्यात आला आणि तो २०१६ मध्ये स्वतंत्र कंपनी म्हणून शेअर बाजारात नोंदला गेला. झिव २०१७ मध्ये सौदी अरेबियातील अल्फानार समूहाला विकली गेली. सीमेन्सचा प्रवासही लक्षणीय आहे. औद्योगिक स्वयंचलनात जगात अग्रेसर असलेल्या या कंपनीने २००५ मध्ये मोबाइल फोनचा व्यवसाय सोडला आणि घरगुती उपकरणांतील आपला निम्मा वाटा बॉशला विकण्याचा निर्णय २०१४ मध्ये घेतला. ज्यांना दोन्ही बाजार ठाऊक होते, त्यांच्यापैकी काहींनी एकाचीच निवड केली.

तीन वाटा

तरीही दोन्ही क्षेत्रांत टिकून राहिलेल्या कंपन्या आहेत. जपानची मित्सुबिशी इलेक्ट्रिक घरगुती एसी बनवते आणि पीएलसी व ड्राइव्हही. २०१२ मध्ये तिने पुण्यातील मेसुंग समूहाचा पीएलसी व्यवसाय घेतला आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळ तळेगाव येथे स्वयंचलनाच्या उत्पादनांचा कारखाना सुरू केला. अनेक घरांत रक्तदाब मोजण्याच्या यंत्रामुळे ठाऊक असलेली ओमरॉन मुळात औद्योगिक रिले आणि सेन्सरची कंपनी आहे. या दोघींचा औद्योगिक व्यवसाय अनेक दशकांचा आहे, ही बाब येथे महत्त्वाची. घरगुती बाजार मंदावला म्हणून त्या कारखान्याकडे वळलेल्या नाहीत.

नव्याने येऊ पाहणाऱ्यांपुढे तीन वाटा दिसतात. पहिली वाट प्रस्थापित कंपनी विकत घेण्याची. मिडियाने ती निवडली. परंतु पैसा मोजला म्हणजे कौशल्य हाती लागते असे नाही. खरेदीनंतर कूकाची कामगिरी घसरली आणि २०१८ च्या अखेरीस तिचे प्रमुख टिल रॉयटर यांना पद सोडावे लागले. दुसरी वाट स्वतःच्या कारखान्यांत सिद्ध केलेले स्वयंचलन इतरांना विकण्याची. पुणे जिल्ह्यातील रांजणगावसह जगभर कारखाने चालविणारी एलजी या वाटेने निघाली आहे. तिची मांडणी विश्वासार्ह आहे, कारण उत्पादन थांबल्याचे दुःख या कंपनीने स्वतः सोसलेले असते. मात्र फ्रिजच्या जुळणीचा अनुभव जिनिंगला कितपत लागू पडेल, हा प्रश्न उरतोच. तिसरी वाट केवळ घटक पुरविण्याची. सोनी कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणारे सेन्सर औद्योगिक यंत्रांसाठीही बनवते. कारखान्याची जबाबदारी ती यंत्रे उभारणाऱ्या कंपन्यांकडे राहते.

तिन्हींपैकी तिसरी वाट सर्वांत कमी गाजावाजाची आणि बहुतेक कंपन्यांसाठी सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल. स्वस्त आणि उत्तम घटक मोठ्या प्रमाणावर बनविणे हे या कंपन्यांचे खरे सामर्थ्य आहे. यंत्रणा उभारणे आणि सांभाळणे हे काम स्थानिक परिस्थिती जाणणाऱ्यांचे आहे. जिनिंगची यंत्रे बनविणारी बजाज स्टील इंडस्ट्रीज नागपूरची. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान उद्योजकांसाठी 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' विकसित केली. तूर कशी मुरवावी, कापसात ओलावा किती असावा, याचे ज्ञान येथे आहे. त्याला चांगल्या सेन्सरची आणि ड्राइव्हची जोड हवी आहे.

हातांचे काय?

स्वयंचलनाची चर्चा रोजगाराशिवाय पूर्ण होत नाही. डाळीतील काळे दाणे निवडणे आणि कापसातील कचरा वेचणे ही कामे प्रामुख्याने महिला मजुरांची. सॉर्टेक्सने निवडीचे काम बरेचसे संपवले. कापसातील भेसळ व कचरा कमी करण्याच्या उद्देशाने २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून देशभरातील आठशेहून अधिक जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचे आधुनिकीकरण झाले. त्यात मजुरांचे डोक्यावरून कापूस वाहण्याचे कष्ट कमी झाले, तशी मजुरीही कमी झाली. हा हिशेब नव्या यंत्रणेच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो.

दुसऱ्या बाजूला ड्राइव्ह दुरुस्त करणारे, पीएलसीचा कार्यक्रम लिहिणारे आणि पॅनेल बांधणारे हात लागतात. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून अभियंते घडवीत आहे. तंत्रनिकेतने आणि आयटीआय दोन्ही जिल्ह्यांत आहेत. या संस्थांतून बाहेर पडलेला तरुण नोकरीसाठी पुण्याची गाडी धरतो, हे वऱ्हाडाचे जुने दुखणे. स्वयंचलन पुरविणारी कंपनी अकोला किंवा अमरावतीत सेवाकेंद्र ठेवणार की नागपूरहून माणूस पाठविणार, यावर या तरुणांपैकी काहींचे गावात राहणे अवलंबून आहे.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

कंपनीचे नाव घरात किती परिचित आहे, यापेक्षा कारखानदाराने पुढील बाबी लेखी मागून घेणे हिताचे ठरेल.

- हे मॉडेल बंद झाल्यानंतर सुटे भाग किती वर्षे मिळतील?
- पॅनेल किती तापमानापर्यंत पूर्ण क्षमतेने चालेल आणि त्यापुढे क्षमता किती घटेल?
- हंगामात बिघाड झाल्यास तंत्रज्ञ किती तासांत पोहोचेल आणि तो कोठून येईल?
- पीएलसीच्या कार्यक्रमाची प्रत कारखान्याच्या ताब्यात राहील काय? कंपनी निघून गेली तर दुसऱ्या तंत्रज्ञाला तो उघडता येईल काय?
- इंटरनेट किंवा कंपनीची सेवा बंद पडली तरी यंत्र चालेल काय?

यांपैकी चौथा प्रश्न सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. कार्यक्रमाला पासवर्ड लावून तो पुरवठादाराने स्वतःकडेच ठेवला, तर लहानशा बदलासाठीही त्याच्याच दाराशी जावे लागते.

ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी औद्योगिक स्वयंचलनात यावे का, याचे उत्तर म्हणून सरसकट होय किंवा नाही असे देता येत नाही. घटक पुरविण्यासाठी त्यांनी अवश्य यावे. त्यांच्या येण्याने किमती उतरतील आणि आजवर मोठ्या गिरण्यांना परवडणारे तंत्र मूर्तिजापूर किंवा दर्यापूरच्या लहान जिनिंगपर्यंत पोहोचेल. संपूर्ण यंत्रणेची जबाबदारी घ्यायची असेल, तर पंधरा वर्षे सुटे भाग आणि हंगामात रात्री-अपरात्री सेवा देण्याची तयारी त्यांनी आधी करावी. ती तयारी नसेल तर त्यांनी टीव्ही आणि फ्रिजच विकावेत. अमरावतीच्या वस्त्रोद्योग उद्यानात कारखाने उभे राहू लागतील, तेव्हा पुरवठादारांची रांग लागेल. त्या वेळी दरपत्रकातील पहिल्या आकड्याइतकेच सेवेच्या अटींचे शेवटचे पान वाचले जाणे आवश्यक आहे.